आले नाहीत त्यांचा हिशोब

आमच्या मंडळाच्या पावतीपुस्तकावर कार्यकारिणीची २१ नावे छापलेली आहेत. मागच्या वर्षी मांडव उतरवायला पाच जण होते, आणि त्यातला एक तर सभासदही नव्हता, शेजारच्या किराणा दुकानातला मुलगा होता. हे मंडळ कोणते, असे कृपया विचारू नये. इंदुरात जितकी मराठी मंडळे आहेत, तितक्यांना हे आपलेच वाटेल.

यंदा जूनच्या बैठकीत विषय जरा चिडीला गेला. तीन वर्षे एकदाही न फिरकलेल्या एका ज्येष्ठ सभासदांचे नाव कार्यकारिणीतून काढावे असे ठरले, आणि तसे पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी राज्य सरकारच्या एका खात्यात उपयंत्री आहे. सरकारी माणसाला पत्र लिहिता येते असा लोकांचा समज असतो. ‘आपणांस कळविण्यात येते की’ एवढे लिहून मी थांबलो, आणि आठ दिवस थांबूनच राहिलो.

त्याला एक कारण होते. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त वडिलांच्या कपाटातली होळकरांवरची जुनी पुस्तके खाली उतरली होती आणि रात्री जेवणानंतर मी ती चाळत होतो. शाळेत आपण लढाया आणि सनावळ्या पाठ केल्या. आता चाळिशीनंतर, मंडळाच्या दहा गणपतींचा अनुभव गाठीला बांधून तेच वाचले, तर वेगळेच दिसू लागले. आपल्या पूर्वजांचेही एक मोठे मंडळ होते. पुणे, नागपूर, बडोदे, उज्जैन, इंदूर, धार, देवास इतके पसरलेले. त्या मंडळाचा निम्मा इतिहास लढायांचा आहे आणि उरलेला निम्मा ‘अमके का आले नाहीत’ याचा.

कोणी किती भार उचलायचा हे तेव्हा मोघम नव्हते. १७३२ साली बाजीरावांनी माळव्याची वाटणी होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात करून दिली, तिथून आपली इथली कथा सुरू होते. सरंजामाची रीत अशी, की सरदाराला महाल तोडून द्यायचे, त्यांच्या वसुलातून त्याने ठरलेली फौज बाळगायची आणि बोलावणे आले की ती घेऊन हजर व्हायचे. सरदाराच्या पदरी असणारे दिवाण, फडणीस पुण्याहून नेमून येत. कागदावर घोडे किती आणि दावणीला किती, हे पुण्याला कळावे हा त्यामागचा हेतू. मल्हाररावांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड असेच पुण्याचे. म्हणजे व्यवस्था होती, हजेरी होती, हिशोब होता. साइटवर ज्याने मस्टर सांभाळले आहे त्याला पुढचे सांगायला नको. मस्टरवर नाव असणे आणि घमेले डोक्यावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पानिपताचे आधी सांगून टाकतो, कारण इंदूरच्या माणसाने हा विषय काढला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. १४ जानेवारी १७६१ ला मल्हारराव रणातून निघून गेले, हा आरोप बखरींपासून चालत आला आहे. ते निघून गेले हे खरे आहे. बुणगे आणि बायकामुले मागे ठेवा, सडे व्हा, गनिमी काव्याने लढा, असा सल्ला त्यांनी आधी दिला होता आणि तो मानला गेला नव्हता, हेही खरे आहे. फळी फुटल्यावर ज्याला आपला सल्ला योग्यच होता असे वाटत असेल, तो माणूस किती वेळ उभा राहील? मला मल्हाररावांना दोष देणे जमत नाही आणि सोडून देणेही जमत नाही. एवढेच म्हणतो, की बैठकीत ज्याचे ऐकले गेले नाही तो कामाच्या दिवशी अर्धाच आलेला असतो.

न येणाऱ्यांशी कसे वागावे, याचा पहिला पक्का धडा थोरल्या माधवरावांनी घालून दिला. नागपूरचे जानोजी भोसले हे प्रकरण साधे नव्हते. १७६३ मध्ये ते निजामाच्या बाजूने उभे होते, पुणे लुटले गेले त्यात ते होते. मग ३२ लाखांचा मुलूख कबूल करून घेऊन ते राक्षसभुवनच्या लढाईआधी निजामापासून बाजूला झाले आणि १० ऑगस्टला पेशव्यांनी लढाई जिंकली. जो काम करत नाही त्याला काम न बिघडवण्याचे पैसे द्यावे लागावेत, ही त्यातली गंमत. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनी ते लक्षात ठेवले. १७६६ मध्ये त्या ३२ पैकी २४ लाखांचा मुलूख परत घेतला आणि पुढे जानोजींनी रघुनाथरावांची बाजू धरली तेव्हा त्यांच्यावर स्वारी करून २३ मार्च १७६९ ला कनकापूरचा तह केला. उरलेला आठ लाखांचा मुलूख परत, दरसाल पाच लाख रुपये, बोलावले की फौज घेऊन चाकरीला यायचे, परराज्याशी परस्पर बोलणे करायचे नाही.

या तहात मला सगळ्यात आवडली ती दुसरी बाजू. पेशव्यांनीही आपल्यावर बंधने घेतली. हिंदुस्थानात जाणारी आपली फौज नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखातून नेऊन त्रास द्यायचा नाही, त्यांच्या घरच्या भाऊबंदकीत हात घालायचा नाही. नागपूरचे राज्य त्यांनी घेतले नाही, जानोजींना काढून दुसरा बसवला नाही. मारून झाल्यावर त्यांनी हिशोब मिटवला आणि दोघांनी काय करायचे ते लिहून ठेवले.

पण असा कागद लिहिणाऱ्याच्या आयुष्याएवढाच टिकतो. १७७२ मध्ये माधवराव आणि जानोजी दोघेही गेले. १७८० च्या सुमारास नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध मोठी चौकडी जमवली. पुणेकर, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले. हैदर कर्नाटकात उतरला आणि त्याने आपले काम दणक्यात केले. निजाम जागचा हलला नाही. भोसल्यांनी बंगालवर जायचे ठरले होते. मुधोजींचे चिरंजीव चिमणाजी मोठी फौज घेऊन निघाले ते महिनोन् महिने रमतगमत कटकला पोचले आणि तिथेच बसले. इकडे वॉरन हेस्टिंग्जशी बोलणी चालू होती. त्याने लाखांनी रोख रक्कम मोजली आणि बंगाल वाचवला. या प्रकरणात जुना राग वगैरे शोधायची गरज नाही. इथे सरळ पैसे घेतले गेले. न येणाऱ्यांत ही जातही असते आणि तिच्यासाठी समजुतीच्या गोष्टी लिहायला मला उत्साह नाही.

आता आपल्या घरात येऊ.

महेश्वरला अहिल्याबाई आणि मोहिमेवर तुकोजी, ही व्यवस्था ऐकायला फार सुंदर वाटते. पण त्या काळची पत्रे आणि त्यांवरून लिहिलेला इतिहास वाचला, तर तीस वर्षे एकच भांडण चालू असलेले दिसते. खजिना बाईंच्या हाती. तुकोजींचे म्हणणे, फौज उपाशी आहे, पैसे येत नाहीत. बाईंचे म्हणणे, आधीच्या पैशांचा हिशोब येत नाही. वर्गणी गोळा करणारे आणि मांडवात उभे राहणारे यांच्यात जे चालते, तेच. आणि मजा अशी, की दोघेही कामसू होते. एकमेकांचे काम दिसत नव्हते इतकेच. बाईंविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन, की फौजेचा खर्च वेळेवर न मिळाल्याचे परिणाम होळकरांना पुढे भोगावे लागले.

ते कसे, ते पाहा. १७८७ च्या जुलैत महादजी शिंदे लालसोटच्या मोहिमेत अडचणीत आले. दिल्ली, आग्रा, सगळे हातचे जायची वेळ आली. त्यांनी पुण्याकडे कुमक मागितली. कुमक निघाली, अली बहादूर आणि तुकोजी होळकर ती घेऊन निघाले, पण पोचायला फार उशीर झाला. तोवर महादजींनी बहुतेक बाजू स्वतःच सावरली होती. आणि मग आलेल्यांनी वाटा मागितला. महादजींचे म्हणणे, मी रक्त ओकलो तेव्हा तुम्ही कुठे होता? तुकोजींचे म्हणणे, उत्तरेतला निम्मा वाटा मल्हाररावांपासूनचा आमचा हक्क आहे, तो काही तुम्ही देत नाही. दोघांचेही खरे होते, आणि दोन्ही खऱ्यांची टक्कर १ जून १७९३ ला लाखेरीला झाली. मराठ्यांची फौज मराठ्यांवर. महादजींच्या बाजूने गोपाळराव भाऊ आणि द बॉयन्याच्या पलटणी, या बाजूला तुकोजींचे सैन्य आणि त्यांच्याही कवायती पलटणी. होळकरांचा मोठा पराभव झाला. लाखेरी आता राजस्थानात बुंदी जिल्ह्यात आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते नाव सिमेंटच्या जुन्या कारखान्यामुळे माहीत असते. तिथे होळकरांच्या पलटणी कापल्या गेल्या हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

एवढे झाल्यावर हे दोघे पुन्हा एका मांडवात येतील असे कोणालाही वाटले नसते. पण ते आले. लाखेरीनंतर दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, ११ मार्च १७९५ ला, खर्ड्याच्या मैदानावर शिंद्यांच्या पलटणी होत्या, थकलेले तुकोजी होळकर होते, नागपूरचे रघुजी भोसले होते, परशुरामभाऊ पटवर्धन सगळ्यांच्या पुढे होते. कोवळ्या सवाई माधवरावांना घेऊन नाना स्वतः छावणीत होते. निजाम हरला, रात्री खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि आत पाण्यावाचून कासावीस होऊन तहाला आला. दौलताबाद, तीन कोटींचा करार, आणि भांडणाचे मूळ समजला गेलेला दिवाण मुशीरुल्मुल्क पुणेकरांच्या ताब्यात. गंमत अशी, की या वेळी निजामाच्या मंडळात कोणीतरी आले नव्हते. इंग्रजांवर त्याची भिस्त होती, आणि सर जॉन शोअरने तटस्थ राहायचे ठरवले होते.

नानांनी हे कसे जमवले? महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले होते, त्यांच्या जागी तरुण दौलतराव होते, त्यामुळे जुन्या वैराची एक बाजू निवलेली होती हे कबूल करायला हवे. पण त्याखेरीज नानांनी एक केले. निजामाकडून येणे कोणाचे किती, हा विषय त्यांनी लढाईआधीच उघड केला होता. चौथाईची थकबाकी हेच तर युद्धाचे कारण होते, आणि तहात भोसल्यांचे जुने येणेही धरले गेले. प्रत्येकाला आपण कशासाठी आलो आहोत ते ठाऊक होते. लाखेरीचा निकाल कोणी मागितला नाही, कोणी दिलाही नाही. तो बाजूला ठेवला गेला.

बाजूला ठेवलेली गोष्ट नाहीशी होत नाही, हे मात्र खरे.

खर्ड्यानंतर पाच महिने झाले आणि माणसे जाऊ लागली. ऑगस्ट १७९५ मध्ये अहिल्याबाई, ऑक्टोबरात सवाई माधवराव, १५ ऑगस्ट १७९७ ला पुण्यात तुकोजी. तुकोजींच्या मागे वारसाचा तंटा लागला तेव्हा दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली आणि १४ सप्टेंबर १७९७ ला पुण्यातच दुसऱ्या मल्हाररावांच्या गोटावर हल्ला केला. मल्हारराव मारले गेले. त्यांचे तान्हे मूल खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेले. यशवंतराव निसटून नागपूरला आश्रयाला गेले, तर रघुजी भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तिथूनही ते निसटले. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना दुसऱ्या बाजीरावांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून सूड उगवला.

राजवाड्याला १९८४ मध्ये लागलेली आग आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या मोठ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या वास्तूची पहिली आग ही १८०१ ची. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असे ते बांधकाम. ज्याने पेटवले त्याला दगडाची भाषाही मराठी होती आणि लाकडाचीही. मी राजवाड्यासमोरून दिवसातून दोनदा जातो. तिथे उभे राहून पाहुण्यांना आपण अहिल्याबाई सांगतो, मल्हारराव सांगतो. सर्जेराव घाटगे सांगत नाही.

यशवंतरावांचे उत्तर २५ ऑक्टोबर १८०२ ला, दिवाळीच्या दिवशी, हडपसरला मिळाले. शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा त्यांनी पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला त्यांनी इंग्रजांशी तो तह केला. मे १८०३ मध्ये इंग्रजी पलटणींच्या पहाऱ्यात ते पुण्याला गादीवर परत बसले.

आता मंडळाची खरी गरज होती. शिंदे आणि भोसले एकत्र आले, यशवंतरावांना बोलावणी गेली, त्यांच्या अटी मान्य करायचे ठरले, खंडेरावांना सोडण्यात आले. यशवंतराव मात्र तापीपलीकडे, माळव्याकडे सरकले आणि तिथे थांबले. इतिहासाच्या पुस्तकांत एक हकीकत येते, की शिंद्यांचे एक पत्र इंग्रजांच्या हाती लागले, ज्यात तूर्त होळकरांना गोड बोलून घेऊ, नंतर त्यांचा समाचार घेऊ अशा अर्थाचा मजकूर होता, आणि इंग्रजांनी ते यशवंतरावांपर्यंत पोचवले. पत्र बाजूला ठेवले तरी काय उरते? ज्याने भावाला मारले त्याच्या हाकेला जायचे, ज्याने कैदेत टाकले त्याच्या शेजारी उभे राहायचे, आणि ज्याने दुसऱ्या भावाला हत्तीच्या पायी दिले त्याची गादी वाचवायची. मी त्यांच्या जागी असतो तर गेलो असतो का, याचे उत्तर मला धड देता येत नाही.

तरीही इंदूरचा असून लिहायला हवे, की ते गेले नाहीत आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. २३ सप्टेंबर १८०३, आसई, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यातले गाव, आज जालना जिल्ह्यात. आर्थर वेलस्लीला तिथे शिंद्यांच्या पायदळाने आणि तोफखान्याने असा मार दिला, की त्याची दीड हजारांवर माणसे पडली किंवा जखमी झाली. गोलंदाज तोफांजवळच मेले. आणि त्याच मैदानावर शिंदे-भोसल्यांचे हजारोंचे घोडदळ जवळपास न लढता निघून गेले. तेव्हा न येणाऱ्यांची यादी करायची तर ती फक्त माळव्यात बसलेल्यांवर संपत नाही. उत्तरेत शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ लढाईच्या सुरुवातीलाच नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. दिल्ली ११ सप्टेंबरला गेली, लासवारी १ नोव्हेंबरला, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला सही केली, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला. पाच महिन्यांत सगळे आटोपले.

आणि चार महिन्यांनी, एप्रिल १८०४ मध्ये, इंग्रजांनी यशवंतरावांवर युद्ध पुकारले.

आता आपला नायक लढतो आहे. मुकुंदरा खिंडीतून कर्नल मॉन्सनला त्याने जुलैपासून ऑगस्टअखेर आग्र्यापर्यंत पळवत नेले. इंग्रजांच्या इतक्या मोठ्या फजितीची उदाहरणे त्या काळात थोडी आहेत. ऑक्टोबरात दिल्लीला वेढा. मग डीग, फर्रुखाबाद, भरतपूर. भरतपूरच्या किल्ल्यावर लेकने १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चार हल्ले केले आणि चारही फसले. या सगळ्या काळात शिंदे कुठे होते? तहाने बांधलेले, बऱ्हाणपूर-माळव्याच्या बाजूला, जाऊ की नको करत. मॉन्सनबरोबर तर सुरुवातीला शिंद्यांचीच एक तुकडी इंग्रजांच्या मदतीला होती, बापूजी शिंद्यांच्या हाताखाली. ती नंतर होळकरांकडे आली. ऑगस्ट १८०४ मध्ये कर्नल मरेने इंदूर घेतले तेव्हा यशवंतराव शेकडो मैल दूर होते आणि इंदूर वाचवायला शेजारचा कोणी धावला नाही. दौलतराव शेवटी सबळगडला येऊन यशवंतरावांना भेटले ते एप्रिल १८०५ मध्ये, भरतपूरच्या राजाने इंग्रजांशी तह केल्यावर. म्हणजे मांडव उतरवून झाल्यावर. नोव्हेंबरात शिंद्यांनी वेगळा तह करून टाकला आणि यशवंतराव एकटे पंजाबात बियास नदीपर्यंत जाऊन २४ डिसेंबर १८०५ ला राजपूरघाटच्या तहावर आले.

१८०३ मध्ये होळकर आले नाहीत, १८०४ मध्ये शिंदे आले नाहीत. दोन्ही वर्षांच्या फौजा एकाच वर्षी मैदानात असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न आपल्याकडे दर दिवाळी अंकात एकदा तरी विचारला जातो. मला त्याहून एका साध्या गोष्टीचा विचार येतो, कारण मी डिप्लोमाला तीच शिकलो. एक तुळई चार टेकूंवर उभी असते. एक टेकू खचला, की तो भार घेणे सोडतो. पण भार कमी होत नाही, शेजारच्या दोन टेकूंवर जातो. आणि बाहेरून पाहणाऱ्याला खचलेला टेकू उभाच दिसतो, तडा जातो तो शेजारच्याला. साइटवर नवा मुलगा नेहमी तडा गेलेल्या खांबालाच दोष देतो.

शेवट आपल्या जवळ झाला. १८१७. यशवंतराव सहा वर्षांपूर्वी भानपुऱ्याला गेले होते. ५ नोव्हेंबरला बाजीरावांची फौज खडकीला इंग्रजांशी लढली, आणि त्याच ५ नोव्हेंबरला दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला इंग्रजांशी सहकार्याचा तह केला. नागपूरकर २६ आणि २७ ला सीताबर्डीला लढले, एकटे. होळकर २१ डिसेंबरला महिदपूरला, शिप्रेच्या काठी, तेही एकटे. आदल्याच दिवशी आपल्याच लोकांनी तुळसाबाईंचा शिरच्छेद केला होता आणि राजा मल्हारराव अजून पोर होता. रोशन बेगच्या तोफखान्याने शेवटपर्यंत दाद दिली. इंग्रजांची पावणेआठशेच्या आसपास माणसे पडली किंवा जखमी झाली, त्यातली बरीचशी त्या तोफांनी. गफूर खान आपली फौज घेऊन मैदानातून निघून गेला, असे सांगतात. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहात बाराव्या कलमात गफूर खानाला जावरा आणि आसपासचे महाल कायम करून दिले आहेत, ६०० स्वार बाळगण्याच्या अटीवर. त्या तहावर होळकरांच्या बाजूने बोलणी केली तात्या जोगांनी. त्यांनीच पुढे राज्याची घडी बसवली, राजधानी इंदूरला आली, जळलेला राजवाडा पुन्हा उभा राहिला. आपण सगळे ज्या शहराचे म्हणून मिरवतो ते राजधानीचे शहर या तहानंतरचे आहे.

हे वाचून झाल्यावर एका रविवारी मी ते अर्धवट पत्र घरी ठेवून त्या ज्येष्ठ सभासदांकडे गेलो. चहा झाला. मुलांची चौकशी झाली. मग मीच विषय काढला, की काका, तुम्ही येत नाही, लोक विचारतात.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या पावसाच्या वर्षी तिसऱ्या दिवशी मांडव पडला, आठवतं?” मला आठवत होते. रात्री अकरा वाजता टेंटवाल्याला उठवून नवा मांडव घालून घेतला होता, सकाळची आरती वेळेवर झाली होती. ते पैसे त्यांनी खिशातून दिले होते, ११,४०० रुपये. वार्षिक हिशोबात ते ‘देणगी’ म्हणून दाखवले गेले. “मी देणगी दिली नव्हती रे. उसने दिले होते. मागणारही नव्हतो. पण कोणी विचारलं तर असतं.” पुढच्या बैठकीत त्यांनी तो विषय काढायचा प्रयत्न केला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, काका, गणपतीच्या कामात हिशोब कसला. त्यानंतर ते आले नाहीत.

मी त्या बैठकीत होतो. ते वाक्य कोणी म्हटले ते मला आठवत नाही, आणि ते मी म्हटले नसेन अशी माझी खात्रीही नाही.

बाकी सोळा जणांच्या घरी मी गेलो नाही. त्यांतल्या दोघा-तिघांना फक्त छापील नाव हवे असते, हे मला माहीत आहे, आणि त्यांच्याबद्दल मंडळाने काय करायचे ते करावे. काकांचे पत्र मात्र मी पाठवलेले नाही. त्या वर्षीची हिशोबाची वही काढून ‘देणगी’ खोडून ‘येणे’ लिहावे, एवढे मी कार्यकारिणीसमोर मांडले आणि ते मान्य झाले. वही मंडळाच्या लोखंडी कपाटात आहे. कपाटाची किल्ली जुन्या खजिनदारांकडे आहे आणि ते मुलाकडे पुण्याला गेले आहेत, दिवाळीला येतील.